ताण्यासाठी सरळ केलेला रस्ता

आमच्या गल्लीत सकाळी कोणी सायकल चालवत नसे. वरठीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारी माणसं गल्लीच्या तोंडाशी आली की खाली उतरत आणि सायकल हातात धरून, भिंतीला अंग घासत पार होत. कारण गल्लीच्या मधोमध सूत ताणलेलं असे. कोणाचं ना कोणाचं, पण असेच.

आम्ही हातमागवाले. सुती लुगडी, साड्या, पंचे. मागावर चढण्याआधी कच्च्या सुताला तांदळाच्या कण्यांची खळ पाजावी लागते, नाहीतर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या घासणीनं धागे पटापट तुटतात. त्यासाठी ताणा, म्हणजे मागावरचं सगळं उभं सूत, पूर्ण लांबीनं बाहेर पसरायचं. फुलीसारख्या बांधलेल्या बांबूच्या कैच्या रोवून कमरेएवढ्या उंचीवर ताणून धरायचं, आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी मोठा कुंचा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायच्या, सूत वाळेपर्यंत. एवढी लांब जागा कोणाच्या घरात असणार? म्हणून गल्ली. बाबा एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला, आणि कोंबड्या हाकलायला मी.

त्या वेळी ताण्याचा मान मोठा होता. ताण्याखालून कोणी वाकून जात नसे, वरून तर नाहीच. एकदा एका नवरदेवाला आमच्या गल्लीनं घोड्यावरून उतरवलं होतं. बँड बंद, नाचणारे गप्प, वरबाप लालबुंद. शेजारचे काका, जे स्वतः गल्लीतले सगळ्यात जुने विणकर, ते त्याला म्हणाले, "सूत वाळू द्या जी, मंग नाचा. लगन कुठं पळून राहिलं?" वरात थांबली. नवरदेव आमच्या ओट्यावर बसून पाणी प्याला. आणि ताण्यातले बरेच धागे एकदम तुटले, तर गल्लीत जो असेल तो येऊन बसायचा आणि गाठी मारून धागे सांधायला लागायचा. भांडण असलेली घरंसुद्धा. माझ्या आईचं आणि समोरच्या काकूचं वर्षानुवर्षं जमलं नाही, पण धागे सांधताना दोघी मांडीला मांडी लावून बसत आणि एकमेकींकडे न बघता काम करत.

बाबांची त्या गल्लीबद्दल दोन दुखणी होती. एक धूळ. रस्ता मुरमाचा, वारा सुटला की ओल्या खळीवर लाल भुकटी बसायची. दुसरं दुखणं म्हणजे वळण. आमच्या घरापाशी गल्ली अशी वाकडी होती की जणू कोणी रस्ता काढता काढता शिंकलं असावं. त्या वळणापाशी ताणा संपवावा लागे. ताणा आखूड म्हणजे लवकर संपणार. संपला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या शेपटाला जोडणं आलं, आणि ते काम आईचं. ती डोळे चोळत म्हणायची, "तुमच्या या गल्लीनं माहे डोरे खाल्ले." बाबांना ते लागायचं. गल्ली सरळ असती, पक्की असती, तर एकच लांबलचक ताणा लावता आला असता, असं ते जेवताना, आंघोळीला जाताना, पाहुण्यांसमोर, कुठेही बोलायचे. दुसऱ्या माणसांना घर बांधायचं, पोरीचं लग्न करायचं स्वप्न असतं. आमच्या बाबांना गल्ली सरळ हवी होती. लग्नाच्या वयाची पोरगी घरात होती ती मी, पण ते असो.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. जिल्हा लहान झाला म्हणजे कामं झटपट होतील असं सगळे म्हणत होते. फरक एवढाच पडला की कोणत्याही टेबलावर "तो कागद तिकडं राहिला" असं म्हणायची सोय झाली. मी भंडाऱ्याला एका वकिलाकडे टायपिंगची नोकरी करायची, त्यामुळे हे मला रोज ऐकू यायचं.

गल्ली जिथे संपायची तिथून धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सुरू व्हायच्या, आणि त्यांच्या पलीकडे तळ्याची पाळ. बांध्यांचा मालक कधीच नागपूरला राहायला गेला होता. त्यानं त्या एका वाहतूक कंपनीला विकल्या. मग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला, की ही जमीन शेतीतून काढून औद्योगिक वापरात टाकायची आहे, तिथे ट्रक उभे करायचं यार्ड आणि गोदामं होणार आहेत, कोणाची हरकत असेल तर कळवावी. असले कागद मी दुसऱ्यांसाठी रोज टाइप करायची. आपल्या गावाच्या फळ्यावर तो दिसला तेव्हा मी तो सवयीनं वाचला आणि बस पकडायला पळाले.

ग्रामसभेला मात्र आमची अख्खी गल्ली गेली. कारण सरपंचानं सांगितलं होतं की कंपनी मुख्य रस्त्यापासून यार्डापर्यंत स्वतःच्या खर्चानं सिमेंटचा रस्ता करून देणार, आणि तो जाणार आमच्या गल्लीतून. सरपंच म्हणाले, "कोनाले काही शंका?" शेतकऱ्यांनी पाण्याचं विचारलं, यार्डाच्या भिंतीनं बांध्यांचं पाणी अडेल का म्हणून. मग शेजारच्या काकांनी बाबांना कोपरानं ढोसलं. बाबा उभे राहिले. सभेत उभं राहायची त्यांना सवय नव्हती, टोपी काढून हातात घेतली.

"रस्ता कराल तं सरळ करान का जी? वाकडा नोको."

कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, सरळ करायचा तर वळणावरच्या घरांचे ओटे पाडावे लागतील, आणि लोक ओटे देत नाहीत, भांडतात. खरं म्हणजे तो याच चिंतेत आला होता. ते वळण असतं तर त्याचे लांब ट्रक गल्लीत शिरलेच नसते. ही गोष्ट त्याला माहीत होती आणि आम्हाला नव्हती.

बाबा म्हणाले, "माहा ओटा तोडा. अगोदर माहाच तोडा."

टाळ्या पडल्या. मग वळणावरच्या बाकीच्या विणकरांनीही ओटे दिले. कंपनीच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. लोक जागा सोडायला एवढे खुशीत असलेले त्यांनी कधी बघितले नसावेत. ट्रक किती येतील, कधी येतील, हे कोणीही विचारलं नाही. आमच्या लेखी रस्ता म्हणजे ताण्याची जागा, आणि ती आता लांब, रुंद, सरळ आणि बिनधुळीची मिळणार होती. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं पुष्कळ असतात. आमच्या गल्लीनं तो धोंडा घासूनपुसून, सरळ रेषेत लावून घेतला.

घरी येताना मी म्हटलं, "ट्रक येतीन ना पन, बाबा."

"येतीन तं उभे राहतीन," बाबा म्हणाले. "नवरदेव उभा राहते, ट्रक कायले नाही राहनार?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सब्बल घेतली आणि ओट्याचे दगड उचकटायला लागले. आई दारात उभी राहून बोलत होती, "लोकं सरकारले शिव्या देऊन घर वाचवते, अन् हा मानूस आपल्या हातानं फोडून राहिला." बाबा हसत होते. मी त्यांना एवढं हसताना फार कमी वेळा पाहिलं आहे.

रस्ता झाला. यार्डाचं काम मात्र रेंगाळलं, आणि तो एक हिवाळा आम्हाला फुकटात मिळाला. सकाळी धुतल्यासारखा पांढरा रस्ता, आणि त्यावर गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच ताणा. बाबा कुंचा घेऊन निघाले की परत येईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. सुतावर धुळीचा कण नाही. पलीकडच्या गावचे विणकर बघायला आले. नागपूरच्या व्यापाऱ्यानं साडी उजेडात धरली आणि काहीच नाव ठेवलं नाही, जे त्याच्या धंद्यात बसत नाही. आईचे डोळे जरा निवले. बाबा संध्याकाळी उरलेल्या अर्ध्या ओट्यावर बसून रस्त्याकडे नुसतं बघत राहायचे.

मग यार्ड सुरू झालं.

पहिला ट्रक आला तेव्हा ताणा ओला होता. ड्रायव्हर छत्तीसगडचा. त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला आणि म्हणाला, "ये क्या है काका, मच्छरदानी?" बाबांनी आपल्या हिंदीत सांगितलं, "सूत है जी. थोडे टाइम में वाळ जायेंगा." तो हसला, इंजिन बंद केलं, आमच्याकडे चहा प्याला. तळहातानं नाही, हाताच्या पाठीनं सूत चाचपून पाहिलं, मळू नये म्हणून. घरवालीसाठी साडी मिळेल का विचारलं. बाबा दिवसभर गल्लीत सांगत फिरत होते, "पाह्यलं? म्या काय म्हनलं होतं?"

खरंच, ट्रकवाले वाईट नव्हते. हीच तर पंचाईत होती. वाईट असते तर मला भांडता आलं असतं, आणि भांडणात मी कोणाला हार जात नाही. पण एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा, अशी रांग मुख्य रस्त्यापर्यंत जायला लागली. तिकडे बस अडकायची, शाळेची पोरं अडकायची, मागचे हॉर्न वाजवायचे. पुढचा ड्रायव्हर हात जोडून म्हणायचा, "काका, गाडी का टाइम लगता है, सेठ पैसा काटता है." बाबा म्हणायचे, "हो, हो, झालंच." आणि अर्धवट खळीचा ताणा गुंडाळून घ्यायचे. अशा सुताची साडी मागावर रडकुंडीला आणते.

सरपंचानं तोडगा काढला, सकाळी उन्हं वर येईपर्यंत ट्रक नाहीत. तसा फलकही लावला. धानाचा हंगाम येईपर्यंत तो पाळला गेला. मग राईस मिलांचा माल सुरू झाला, आणि एके दिवशी तो फलक ट्रकच्या धक्क्यानं आडवा झाला तो झालाच. कोणी मुद्दाम पाडला नाही, कोणी उभाही केला नाही. आम्ही ताणा अजून लवकर, अंधुक उजेडात लावून पाहिला. पण तेव्हा दहिवर पडतं, खळ वाळत नाही, धागे एकमेकांना चिकटून बसतात. शिवाय रस्त्यावर आता मुरमाच्या जागी सिमेंटची पूड आणि काळा धूर होता. नागपूरच्या व्यापाऱ्याला नाव ठेवायला जागा मिळाली. "रंग मैला आला," तो म्हणाला. मैला रंग नव्हता, मैली आमची सकाळ झाली होती, पण हे त्याला सांगून काय उपयोग.

मग विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तसं आम्ही ताणा घेऊन हिंडलो. तळ्याच्या पाळीवर जागा लांब, पण पाळ वाकडी आणि वारा भन्नाट. शाळेच्या मैदानावर शेळ्या. कापणी झालेल्या बांधीत धानाचे खुंट, कैची रोवली की कलते. यार्डाचा मॅनेजर भला माणूस, तो म्हणाला, "काका, सकाळी आमच्या यार्डात लावा, जागा मोकळी असते." बाबा जाऊन बघून आले. लांब, सरळ, पक्की जागा, आणि सगळीकडे ऑइलचे डाग. खळीला वास लागतो. बाबा त्याला म्हणाले, जागा चांगली आहे जी, आणि परत आले.

माझ्या नाकावर राग कायम असतो, त्या दिवसांत तर तो खाली उतरतच नव्हता. मी अर्ज टाइप केला. आमच्या वकीलसाहेबांनी वाचला आणि चष्मा काढून म्हणाले, हरकतीची मुदत केव्हाच गेली, शिवाय तुझ्या वडिलांनी भर सभेत पाठिंबा दिला आहे. तरी मी कचेरीत गेले. तिथल्या बाबूनं मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि शांतपणे म्हणाला, "ताई, रस्ता रुंद करा म्हननारे तुमीच, अन् आता रहदारी नोको म्हननारेबी तुमीच. साहेबाले काय सांगू मी?" चहा गरम होता, तो प्यावा की ठेवावा हेसुद्धा मला कळेना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या खुर्चीत बसून खाल्ला.

त्या अर्जाचं फळ एवढंच, की रहदारी मोजायला एक माणूस आला. आमच्या अर्ध्या ओट्यावर छत्री लावून बसला. ट्रक, बस, मोटारसायकल, सायकल, बैलगाडी, सगळ्यांसाठी त्याच्याजवळ रकाने होते. सकाळी समोरच्या काकूंनी लहानसा ताणा लावला, तर तो बिचारा गोंधळला. डोकं खाजवत मला म्हणाला, "हे कशात लिहू ताई? हे तं चालत नाही."

"थांबलंय म्हणून लिहा," मी फणकारले.

"थांबलेल्याचा रकाना नाही ना पन."

तो आमच्याकडचं पाणी प्याला, काकूंचे तुटलेले दोन धागे त्यांना दाखवून दिले, आणि ताणा कशातच न लिहिता निघून गेला. काही दिवसांनी ग्रामपंचायतीकडून गल्लीला समज आली, की सार्वजनिक रस्त्यावर अडथळा करू नये. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर इथे चोरही कोणी सापडेना.

हळूहळू ताणे लागायचे थांबले. काही विणकरांनी बाहेरून खळ लावून आलेलं तयार सूत घ्यायला सुरुवात केली. काही जण मजुरीला जायला लागले. बाबा ऐकेनात. दुसऱ्यानं पाजलेलं सूत हाताला परकं लागतं म्हणायचे. त्यांचं वय झालं होतं, दुसरं काम त्यांना येत नव्हतं आणि नकोही होतं. त्यांना मरेपर्यंत आपल्या मागावर बसायचं होतं, बस. आणि मागावरचा ताणा सरत आला होता. नवा लावला नाही तर माग थांबणार, हे घरात सगळ्यांना दिसत होतं.

उन्हाळा तोंडावर असताना एका सकाळी बाबा स्वतः यार्डाच्या फाटकावर गेले आणि गल्लीतच एक ताणा लावू द्या म्हणाले. मॅनेजर म्हणाला, "लावा काका, दोन्हीकडून गाड्या थांबवतो, पण लवकर आटपा." बाबांनी लांब ताणा काढला, त्या हिवाळ्यात लावायचे तेवढा लांब. कैच्या उभ्या राहिल्या. मुख्य रस्त्याकडे ट्रक थांबले, यार्डाकडे थांबले, इंजिनं बंद झाली. किती तरी दिवसांनी गल्लीत कुंच्याचा सळसळ आवाज ऐकू आला. मी रजा काढली होती. कोंबड्या हाकलायला तरी.

खळ अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात यार्डाकडच्या ट्रकांच्या रांगेतून एक बाई धावत आली. तळ्यापलीकडच्या टोलीवरची, लहानशी वस्ती ती. तिच्या सुनेला कळा सुटल्या होत्या, पहिलटकरीण, पाणी गेलेलं. ऑटोत घालून भंडाऱ्याला नेत होते आणि ऑटो ट्रकांच्या मागे अडकला होता. पूर्वी ऑटो भिंतीकडेनं ताण्याला न लागता निघून गेला असता. आता पुढे ट्रक भिंतीपासून भिंतीपर्यंत, मागेही येऊन लागलेले. ऑटो मागे फिरत नव्हता, पुढे सरकत नव्हता. ट्रक पुढे काढल्याशिवाय वाट नव्हती, आणि ट्रकांपुढे ताणा होता.

बाई कोणाला उद्देशून नाही, नुसतंच ओरडत होती, "अवो सोडा ना बाप्पा, सोडा ना!"

ताणलेलं सूत उचलून बाजूला ठेवता येत नाही. ते दोन्ही टोकांना आवळलेलं असतं, सोडायचं तर सावकाश गुंडाळत आणावं लागतं. शेजारचे काका पलीकडच्या टोकाकडे धावले, पण ते टोक किती लांब. आई कुंचा हातात धरून बाबांकडे बघत राहिली. बाबांनी कमरेची कातर काढली आणि ताण्याच्या मधोमध, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, कापत गेले. घाई केली नाही. कापडवाला कापड कापतो तसं. सूत दोन्हीकडे ढेपाळून रस्त्यावर पडलं. लोकांनी ते ओढून भिंतीकडे केलं.

आधी यार्डाकडचे ट्रक गेले, कारण तेच पुढे होते. एकेक करून. प्रत्येक ड्रायव्हरनं बाबांकडे बघून कपाळाला हात लावला. मग ऑटो गेला. मी आत पाहिलं, पोरगी डोळे मिटून दात खात होती.

आता गल्लीनं जे करायचं तेच केलं. सगळे धागे सांधायला बसले. खळ वाळायच्या आत सुटे करून गाठी मारल्या तर थोडंफार वाचतं. काका बसले, समोरच्या काकू आल्या आणि आईच्या मांडीला मांडी लावून बसल्या, मजुरीला निघालेले दोन जण डबे बाजूला ठेवून बसले. भिंतीकडे जागा पुरत नव्हती म्हणून निम्मे रस्त्यावर. तेवढ्यात मुख्य रस्त्याकडचे ट्रक सुटले. हॉर्न वाजला. सगळे उठले, सूत ओढून घेतलं. ट्रक गेला. पुन्हा बसले. पुन्हा हॉर्न. उठले. बसले. हातातली गाठ दर वेळी सुटायची. ऊन वर आलं आणि सूत वाळून दोरखंडासारखं कडक व्हायला लागलं. मी एका ट्रकपुढे जाऊन उभी राहिले, शिव्याच द्यायच्या होत्या. वर काचेमागे तो छत्तीसगडचा होता. त्यानं इंजिन बंद केलं आणि खाली मान घालून बसला. त्याच्या मागे लगेच हॉर्न सुरू झाले. मी बाजूला झाले. मला अजून कळत नाही, मी तिथे उभी राहून कोणाला काय सांगणार होते.

कितव्यांदा तरी ट्रक गेल्यावर काका पुन्हा बसले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले. मग समोरच्या काकू उठल्या. कोणीच कोणाकडे बघत नव्हतं.

बाबा म्हणाले, "उठा बाप्पा सारे. कामाले जा. राहू द्या."

दुपारी निरोप आला, पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत. बाबा म्हणाले, "बरं झालं." ते त्यांनी मनापासून म्हटलं, मला माहीत आहे. पुढे बाराव्या दिवशी ती आजी पेढे घेऊन आली आणि आईला सांगत होती, "सिमिटचा रस्ता होता म्हनून पोचली माही सून. नाहीतं मुरमात काय झालं असतं, देवाले माईत." तिचंही खरंच होतं. आईनं पेढा खाल्ला.

मागावर जुन्या ताण्याचं शेपूट उरलं होतं, एका साडीपुरतं. एरवी ते काम बाबा चुटकीसरशी उरकत. आता ते सकाळी बसायचे, थोडंसं विणायचे आणि उठायचे. विणलेलं गुंडाळायचे, हात फिरवायचे, मागावरची धूळ पुसायचे. कधी अख्खा दिवस धोट्याचा आवाज फक्त चार-दोनदा यायचा. पाऊस लागला, धानाची रोवणी झाली, बाबांची साडी चालूच. व्यापाऱ्यानं निरोप धाडला, आईनं त्याला काहीतरी सांगून वाटेला लावलं. ती एरवी बडबडी, पण या साडीबद्दल तिनं बाबांना एका शब्दानं विचारलं नाही. मीही नाही. आम्ही दोघी त्या आवाजाकडे कान देऊन स्वयंपाक करायचो.

एका संध्याकाळी आवाज थांबला आणि बराच वेळ पुन्हा आला नाही. आईनं तव्यावरची भाकर उलटली आणि आतूनच विचारलं, "अजी, झालं का?"

"सूत संपलं," बाबा म्हणाले.